पाश्चात्त्य कलेचा इतिहास : जागेवर जाऊन



कलेच्या इतिहासावरील व्याख्यान म्हटले की अंधार करायचा, पडद्यावर एकामागून एक चित्रे दाखवायची आणि वक्त्याने काठीने ती दाखवीत जायचे, अशी एक रीत पडून गेली आहे. आज ती सोय आम्ही मुद्दाम मागितलेली नाही. कारण आजचे आमचे म्हणणे नेमके त्या पडद्याच्या विरुद्ध आहे. पाश्चात्त्य कलेचा इतिहास हा ऐकून किंवा छायाचित्रांवरून शिकण्याचा विषय नव्हे. तो पायांनी चालून, मान वर करून, वस्तूसमोर उभे राहून शिकण्याचा विषय आहे, आणि अंधेरी-बोरिवलीच्या किंवा घाटकोपर-मुलुंडच्या माणसाला त्याचा पहिला धडा गिरवण्यासाठी परदेशी जावे लागत नाही, एवढे जरी आपल्याला पटवता आले तरी आम्ही कृतार्थ होऊ.

यावर लागलीच शंका येईल की, रोम कुठे, फ्लॉरेन्स कुठे आणि आपली लोकलगाडी कुठे! शंका खरी आहे. मायकेल अँजेलोचे छत किंवा रेम्ब्रांटची मोठी चित्रे मुंबईत नाहीत. ती पाहायची तर तिथेच गेले पाहिजे, आणि ज्यांना जाणे शक्य आहे त्यांनी जरूर जावे. आज मुलेबाळे परदेशी असल्यामुळे कित्येक घरांतील वडीलधारी मंडळी लंडन-पॅरिसच्या संग्रहालयांतून हिंडूनही येतात. परंतु हिंडून येणे वेगळे आणि पाहून येणे वेगळे. पाहण्याची सवय ज्याने घरी केली नाही, त्याला तिथली शंभर दालने म्हणजे शंभर दमणुकी होतात. ही सवय कुठे करायची, एवढाच आजचा प्रश्न आहे.

छायाचित्र आपल्यापासून काय हिरावून घेते ते आधी पाहू. पहिली गोष्ट म्हणजे आकार. पुस्तकाच्या पानावर हातात मावणारे पदक आणि दोनशे ऐंशी फुटांचा मनोरा सारख्याच उंचीचे होतात. दुसरी गोष्ट म्हणजे द्रव्य. संगमरवर, पोरबंदरचा दगड, प्लास्टर, काळा बसाल्ट या सगळ्यांची शाईत एकच राखाडी छटा होते. आणि तिसरी, सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे जागा. ती वस्तू कुठे उभी आहे, तिच्याखाली काय होते, तिच्याशेजारी पुढे काय आले, ती कोणी मोडली आणि कोणी जपली, हे छायाचित्राच्या चौकटीबाहेर राहते. इतिहास मात्र बहुधा त्या चौकटीबाहेरच असतो.

याचे उदाहरण पाहायला फार दूर जायला नको. बोरिवलीला पॉइंसरच्या टेकडीत मंडपेश्वराची लेणी आहेत. सुमारे सहाव्या ते आठव्या शतकांच्या दरम्यान खडकात कोरलेले हे शिवाचे स्थान. आत नृत्यमग्न शिवाचा शिल्पपट आहे. झिजला आहे, तरी त्याची लय हरवलेली नाही. सोळाव्या शतकाच्या मध्याला साष्टी पोर्तुगीजांच्या ताब्यात असताना फ्रान्सिस्कन पंथाच्या धर्मोपदेशकांनी ही लेणी घेतली, खाली प्रार्थनास्थळ केले आणि वर, त्याच खडकाच्या माथ्यावर, चर्च व मठ बांधला. लेण्याच्या एका भिंतीवर जुने शिल्प तासून तिथे मोठा क्रूस कोरलेला आपल्याला आजही दिसतो. पुढे मराठ्यांनी साष्टी घेतली, १७३९ साली वसई पडली, आणि वरची इमारत हळूहळू ओस पडून तिचे अवशेष तेवढे उरले.

आता तिथे उभे राहून पाहा. खाली माणसाने डोंगर आत पोखरून पोकळी निर्माण केली आहे. वर माणसाने दगडावर दगड रचून भिंत उभी केली आहे. कातणारा आणि रचणारा, या दोन बांधणींतला फरक ग्रंथांतून समजावायला पाने खर्ची पडतात. मंडपेश्वराला तो पाच मिनिटांत डोळ्यांना कळतो. आणि त्याचबरोबर आणखी एक गोष्ट कळते, जी सुखाची नाही. कला ही नेहमी निर्मळ हातांनीच येते असे नाही. ती कधी सत्तेबरोबर येते आणि येताना दुसऱ्या कलेच्या अंगावर पाय ठेवून येते. तो क्रूस पाहून मन खिन्न होते, आणि ते व्हावे. पण खिन्न होऊन पाठ फिरवणारा आणि खिन्न होऊनही नीट पाहणारा, यांत दुसऱ्यालाच इतिहास समजतो. त्या भिंतीवर दोन्ही गोष्टी आहेत: जे तासले ते, आणि जे कोरले ते. त्यांतले एक वगळून दुसरे शिकता येत नाही.

अंधेरीकरांच्या अगदी दाराशी असलेले दुसरे ठिकाण म्हणजे मरोळजवळचे सेंट जॉन द बॅप्टिस्टचे जुने चर्च. १५७९ साली जेझुइटांनी ते बांधले. १८४० च्या सुमारास साथीच्या रोगाने गाव उठले, उपासकांनी दुसरीकडे नवे चर्च केले आणि हे ओस पडले. पुढे १९७३ साली तिथे सीप्झची निर्यात वसाहत झाली आणि हे अवशेष तिच्या आवारात सापडले. त्यामुळे एरवी परवानगीवाचून तिथे जाता येत नाही. वर्षातून एकदा, मे महिन्यात, जुन्या गावच्या लोकांना आपला सण तिथे साजरा करता येतो. छप्पर गेले आहे; दर्शनी भाग आणि भिंती उभ्या आहेत. सभोवती संगणकाची व दागिन्यांची कारखानदारी आणि मध्ये सोळाव्या शतकातली भिंत, असे दृश्य फार शहरांच्या नशिबी नसते.

या दोन ठिकाणांनी भूक लागली की वसईच्या किल्ल्यात एक दिवस काढावा. जेझुइट, फ्रान्सिस्कन आणि डॉमिनिकन अशा तिन्ही पंथांच्या चर्चांचे अवशेष एकाच तटाच्या आत आहेत. वसई म्हटले की मराठी माणसाला चिमाजीअप्पा आठवतात, ते योग्यच आहे. पण त्या विजयाची एक कलाविषयक बाजूही आहे. वसईच्या मोहिमेत हाती आलेल्या घंटा महाराष्ट्रातल्या देवळांत गेल्या. भीमाशंकर, नाशिकचे नारोशंकर, वाईजवळची मेणवली इथे त्या आपण पाहतो. मेणवलीच्या घंटेवर तर मेरी आणि बाळ येशू यांची उठावाची आकृती आहे. कित्येक पिढ्यांनी ती घंटा देवाला नमस्कार करून वाजवली असेल. युरोपीय ओतकामाचा नमुना पाहायला आपण संग्रहालय शोधतो; तो आपल्या घाटावर टांगलेला आहे!

वसईहून एक धागा थेट गोव्याला जातो. जुन्या गोव्याचे बॉम जेझूस चर्च १५९४ ते १६०५ या काळात बांधले गेले. त्याची भिंत तिथल्या जांभ्या दगडाची, पण दर्शनी भागावरचे बारीक कोरीव काम काळ्या बसाल्टचे आहे. आणि तो दगड वसईकडून नेलेला आहे. या दर्शनी भागासमोर उभे राहिले की पाश्चात्त्य स्तंभांची सारी बाराखडी एका जागी वाचता येते. आपल्याकडे जसे नागर, द्राविड, वेसर असे भेद सांगतात, तसे तिकडे स्तंभांचे डोरिक, आयोनिक, कोरिंथियन असे प्रकार मानतात. डोरिक साधा आणि भारदस्त. आयोनिकच्या माथ्यावर मेंढ्याच्या शिंगासारखी दोन वेटोळी. कोरिंथियनच्या माथ्यावर पानांचा गुच्छ. बॉम जेझूसला हे प्रकार मजल्यामजल्याने चढत गेलेले दिसतात. ज्याने ते एकदा तिथे ओळखले, त्याला पुढे जगात कुठेही ते परके वाटणार नाहीत.

त्याच चर्चमध्ये संत फ्रान्सिस झेवियरची समाधी आहे. तिचा संगमरवरी चौथरा आणि त्यावरचे ब्राँझचे पट फ्लॉरेन्सचा शिल्पकार फोज्जीनी याने घडवले. तिथल्या मेदिची घराण्यातील तिसऱ्या कोझिमोने ते पाठवले आणि १६९८ साली ते गोव्यात बसवले गेले. त्या चौथऱ्यावर ठेवलेली चांदीची पेटी मात्र त्याआधी साठ वर्षे, गोव्याच्या सोनारांनी घडवलेली आहे. खाली इटलीचा हात, वर कोकणचा हात. कोणी कोणाला शोभा आणली याचा निवाडा छायाचित्रावरून करता येत नाही; तिथे प्रदक्षिणा घालावी लागते.

आता आपण फोर्टात येऊ. घाटकोपर-मुलुंडची मंडळी रोज सकाळी ज्या स्थानकात उतरून धावत सुटतात, ते छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस म्हणजे एकोणिसाव्या शतकातील पाश्चात्त्य वास्तुकलेचा एक उत्तम ग्रंथ आहे, आणि त्याला पासावाचून वेगळे तिकीट नाही. एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्सने ते रचले. १८७८ साली सुरू झालेले काम दहा वर्षे चालले. २००४ साली त्याला जागतिक वारशाचा मान मिळाला. टोकदार कमानी, रंगीत काचा, कळसावर मशाल घेतलेली 'प्रगती'ची मूर्ती, फाटकाच्या खांबांवर इंग्लंडचा सिंह आणि हिंदुस्थानचा वाघ, हे सगळे आपण पाहिलेले असते; म्हणजे नजरेखालून गेलेले असते. पण भिंतीवरचे मोर, माकडे, पानाफुलांच्या वेली कोणी कोरल्या? जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांनी, आपल्या शिक्षकांच्या देखरेखीखाली. गॉथिक शैली फ्रान्सात बाराव्या शतकात जन्मली, तिथे तिच्यावर ओक-द्राक्षांची पाने फुटली. इथे येताच तिच्यावर आपली पाखरे बसली.

राजाबाई मनोऱ्याचेही तसेच आहे. प्रेमचंद रायचंद यांनी मातोश्रींच्या नावाने दिलेल्या देणगीतून तो १८७८ साली पुरा झाला. त्याचा आराखडा लंडनच्या जॉर्ज गिल्बर्ट स्कॉटचा. स्कॉटने मुंबई कधी पाहिलीही नाही. पण मनोऱ्यावर ज्या चोवीस मूर्ती आहेत त्या संतांच्या नाहीत. पश्चिम हिंदुस्थानातील निरनिराळ्या जातिजमातींच्या माणसांच्या आहेत, आणि त्यांचे नमुने रावबहादुर मुकुंद रामचंद्र या सहायक अभियंत्याने केले. युरोपातल्या कॅथीड्रलवर जिथे संत उभे राहतात, तिथे इथे आपले शेजारीपाजारी उभे आहेत. पुढच्या वेळी ओव्हल मैदानावर गेलात तर क्रिकेटकडे थोडी पाठ करून वर पाहा.

तिथून चालत हुतात्मा चौकात यावे. १८६४ सालचे फ्लोराचे कारंजे रोमन पुष्पदेवतेचे, इंग्लंडातील पोर्टलंडच्या दगडात घडलेले. त्याच्याशेजारी संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात प्राण दिलेल्यांचे स्मारक, मशाल घेतलेले शेतकरी आणि कामगार. भावना सर्वस्वी आपली. पण मानवी देह असा वास्तववादी ढंगाने, स्नायूंसकट उभा करण्याची विद्या ही त्याच पाश्चात्त्य शाळेतून आलेली. जेत्यांची भाषा शिकून आपण आपलेच दुःख त्यात सांगितले. ही कला परकी की आपली, असा वाद घालणाऱ्याने या चौकात दहा मिनिटे उभे राहावे.

ही विद्या आली कशी याचा माग जे. जे. कलाशाळेत लागतो. १८५७ साली स्थापन झालेल्या या शाळेत ग्रीक व रोमन पुतळ्यांचे प्लास्टरचे साचे समोर ठेवून विद्यार्थी चित्रे काढीत. त्याच शाळेचे ग्रिफिथ्स १८७२ पासून पुढे अनेक वर्षे विद्यार्थ्यांना अजिंठ्याला नेऊन तिथल्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करवीत होते. शाळेत ग्रीस, जागेवर अजिंठा, असे ते दुहेरी शिक्षण. त्या शाळेतल्या गणपतराव म्हात्रे या तरुणाने १८९६ च्या सुमारास 'मंदिरपथगामिनी' घडवली. देवळाकडे निघालेली एक मराठी तरुणी, प्लास्टरमध्ये. ती ग्रीक की भारतीय, यावर त्या काळी बराच वाद झाला. आम्हांला वाटते, या वादाचे उत्तर तिच्या लुगड्यात आहे.

हे थोडे उलगडून सांगतो, कारण पाहण्याची खरी गोडी अशाच ठिकाणी आहे. दगडात वस्त्र दाखवणे हा ग्रीक शिल्पकारांचा मोठा शोध. कापड अंगाला चिकटावे, त्याखालचा देह कळावा, आणि चुण्यांच्या रेषांनी देहाची हालचाल सांगावी. ही युक्ती अलेक्झांडरनंतरच्या शतकांत पूर्वेकडे सरकली आणि गांधारात बुद्धाच्या संघाटीवर उतरली. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात गांधार शिल्पे आहेत. तिथे त्या चुण्या खांद्यापासून पायापर्यंत नजरेने उतरून पाहा. मग म्हात्र्यांची तरुणी आठवा. चुण्यांची विद्या ग्रीक साच्यांवरून शिकलेली. पण काष्ट्याचे लुगडे, त्याची पकड, त्याने चालीला येणारा डौल ग्रीसला कुठून ठाऊक असणार? तो आईबहिणींना पाहून आलेला. दोन हजार वर्षांच्या अंतराने तीच विद्या दोनदा आपल्या देशात आली, आणि दोन्ही वेळा आपण तिला आपले वस्त्र नेसवले. पुस्तकात ही तीन शिल्पे तीन वेगवेगळ्या प्रकरणांत असतात; पायी हिंडणाऱ्याच्या डोक्यात ती एका ओळीत येतात.

त्याच वस्तुसंग्रहालयात सर रतन टाटा आणि सर दोराब टाटा यांच्या संग्रहांतून आलेली युरोपीय तैलचित्रे आहेत. मूळ तैलचित्र म्हणजे काय, रंगाचा थर कुठे जाड, कुठे पातळ, कुंचल्याचा फटकारा कसा दिसतो, वार्निशाने जुने चित्र कसे पिवळते, हे कळायला जगप्रसिद्ध चित्रच लागते असे नाही. मूळ चित्र लागते. २०२३ च्या डिसेंबरात याच संग्रहालयात भारत, इजिप्त, ॲसिरिया, ग्रीस आणि रोम यांच्या प्राचीन शिल्पांचे प्रदर्शन भरले होते आणि ते २०२४ मध्ये बरेच महिने चालले. लंडन आणि बर्लिनच्या संग्रहालयांतल्या मूर्ती आपल्या देवतांच्या शेजारी उभ्या होत्या. असे योग पुन्हा येतील. ते आले की आपली तयारी असावी.

सामान्य माणसापर्यंत ही कला पोहोचावी अशी तळमळ आपल्याकडे एका राजाला होती, त्याचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. सातारा जिल्ह्यातील औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी हे स्वतः चित्रकार. त्यांनी यमाईच्या डोंगरावर संग्रहालय बांधले आणि ते १९३८ साली खुले केले. भारतीय चित्रांबरोबर पाश्चात्त्य चित्रशिल्पांच्या प्रतिकृतीही त्यांनी तिथे मांडल्या, आणि हेन्री मूर या आधुनिक इंग्रज शिल्पकाराची 'माता आणि बालक' ही मूळ कृतीही तिथे आहे. त्याच सुमारास हा राजा आपल्या रयतेला राज्यकारभाराचे अधिकार सोपवीत होता. रयतेला मत द्यावे आणि रयतेला चित्रेही दाखवावीत, या दोन गोष्टी त्याला वेगळ्या वाटल्या नसाव्यात.

आता थोडे व्यवहाराचे बोलू. संग्रहालयात किंवा स्थळी गेल्यावर काय करावे? आमच्या मते पाच गोष्टी. एका दिवशी एकच ठिकाण, आणि तिथे दोन-तीनच वस्तू. सगळे पाहू म्हणणारा काहीच पाहत नाही. आधी वस्तू पाहावी, मग शेजारची पाटी वाचावी. पाटी आधी वाचली की डोळा आळसावतो. जवळ वही-पेन्सिल ठेवून जमेल तसे रेखाटावे. चित्र वाईट आले तरी चालेल, कारण ते कोणाला दाखवायचे नसते, हात चालू लागला की डोळा थांबतो एवढाच त्याचा उपयोग. वस्तूभोवती फिरावे आणि विचारावे, हे कशाचे आहे, कोणी केले, कोणाच्या पैशाने, कशासाठी? आणि शेवटी, पुन्हा जावे. पावसाळ्यातला राजाबाई मनोरा आणि मार्गशीर्षातल्या सकाळचा राजाबाई मनोरा हे दोन मनोरे आहेत. हे सगळे झाल्यावर ग्रंथ उघडावा. आपण ग्रंथाचे शत्रू नाही. पण पाहिलेल्याला ग्रंथ जेवढा देतो तेवढा न पाहिलेल्याला देत नाही.

शेवटचा मुद्दा. ही पायपीट आपल्या ज्ञानासाठी आहेच, पण या स्थळांसाठीही आहे. जी जागा कोणी पाहत नाही ती आधी मनातून जाते आणि मग जमिनीवरून जाते. भिंतीच्या सांध्यात पिंपळ रुजतो, दगडावर कोणी खिळ्याने नावे कोरतो, आणि एक दिवस तिथे काय होते हे सांगणारा उरत नाही. मंडपेश्वर सरकारी संरक्षणाखाली आहे. परंतु फलकाने स्थळ जगत नाही, येणाऱ्या डोळ्यांनी जगते. काही जण म्हणतील, ते चर्च परक्यांचे, त्याची आम्हांला काय मातब्बरी? काही म्हणतील, ते लेणे दुसऱ्या धर्माचे, आम्हांला काय त्याचे? दोघांनाही आमचे एकच सांगणे आहे. खडक एकच आहे. वरचे ढासळले तर खालच्यालाही धोका आहे, आणि खालचे विसरले तर वरचे का उभे राहिले हे कोणालाच समजणार नाही.

तेव्हा विनंती एवढीच. येत्या रविवारी सकाळी ऊन चढण्यापूर्वी मुलांना घेऊन बोरिवलीला मंडपेश्वरी जावे. त्यांना पाठ करायला काही देऊ नये. खाली नेऊन विचारावे, हे कसे केले असेल? वर नेऊन विचारावे, आणि हे? मग त्या तासलेल्या भिंतीसमोर उभे करावे आणि ती विचारतील त्या प्रश्नांना, जमतील तशी, खरी उत्तरे द्यावीत. पाश्चात्त्य कलेच्या इतिहासाचा वर्ग तिथे सुरू झाला असे समजावे.